चार मुद्द्यांत गौरम्मा

१४ जून १९९४, लातूर

प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला, तेव्हाच ओळखलं. आमच्या कॉलेजात चहा मिळतो तो निवृत्तीच्या दिवशी, नाहीतर विषय बंद करायचा असेल तेव्हा. बी.ए. पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान घेणारी वीस पोरं यंदा मिळाली नाहीत तर विभाग बंद आणि खोली विज्ञानवाल्यांना. "तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही नाही हं मॅडम," असंही म्हणाले. व्यक्तिशः काही असतं तर बरं वाटलं असतं. पंधरा वर्षांत कुणीतरी माझी दखल घेतली असं झालं असतं.

उर्दूच्या फारूक सरांनाही तोच चहा मिळाला. स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "मॅडम, आपुन दोघं मिळून एक दुकान टाकू. जुने विषय दुरुस्त करून मिळतील."

घरी आले तर फाटकात चपलांचा ढीग. आमचे हनुमंतराव फिजिक्सच्या शिकवण्या घेतात. म्हणजे पूर्वी घ्यायचे. आता शिकवण्यांनी आमचं घर घेतलंय. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायला लागल्यापासून अख्खा मराठवाडा आपली पोरं ट्रंकेसकट इथं आणून टाकतोय. हॉलमध्ये बाकं आली, माझं पुस्तकांचं कपाट गॅलरीत गेलं. पावसाळ्याआधी त्याच्यावर ताडपत्री टाकून घे, एवढं मात्र हनुमंतरावांनी आठवणीनं सांगितलं. प्रेमळ माणूस आहे.

१९ जून

जून महिन्यात आर्ट्सचे प्राध्यापक गावोगाव पोरं गोळा करत फिरतात. लग्न जुळवणाऱ्या माणसासारखं दारात जायचं, पाणी प्यायचं, आणि आपल्या मुलीत खोट नाही हे पटवायचं. फारूक सर लोह्याकडे गेले, त्यांची सासुरवाडी आहे. मी औशाला बस बदलून किल्लारीच्या जीपमध्ये बसले.

किल्लारीच्या अलीकडच्या, भूकंपात पडलेल्या एका गावाची पत्र्याची वसाहत. नवीन गाव बांधून होईपर्यंत सगळे इथंच. जूनमध्ये त्या पत्र्याखाली भाकरी तव्याशिवाय भाजेल. पारावर जमतात तशी माणसं एका शेडच्या सावलीत बसली होती. शहरातून आलेल्या बाईकडे ती आता 'काय वाटायला आणलंय' एवढ्याच नजरेनं बघतात. आणि का नाही बघणार? वर्षभरात त्यांना ब्लँकेटं मिळाली, गोळ्या मिळाल्या, मुंबईहून आलेले कोट मिळाले. मी विषय वाटायला आले होते.

माझं भाषण कुणी ऐकेना. शेवटी म्हटलं, बाकीचे विषय पोटापाण्याचं शिकवतात, माणूस मेल्यावर कुठं जातं हे सांगणारा हा एकच विषय आहे. तेव्हा जरा हसू फुटलं. दोन पोरांनी नावं दिली. मागं बसलेला एक माणूस मात्र हसला नाही. चाळिशी उलटलेला, कपाळावर भस्म, हातात पिशवी. शंकरप्पा. भूकंपाआधी गावात किराणा दुकान होतं म्हणे. बारावी आर्ट्स फार पूर्वी केलेली.

"खरंच सांगतेत का, मॅडम?"

"सांगतात की. आधी फॉर्म भरा."

भरला. एक डोकं वाढलं. आपल्याला वयाची अट कुठं आहे?

११ जुलै

वीसच्या वर एक. विभाग वाचला. त्यातल्या निम्म्या पोरांना पोलीस भरतीपर्यंत कुठंतरी टेकायचंय, दोघींना लग्न ठरेपर्यंत, आणि चौघांना एस.टी.चा पास हवाय. जगात यापेक्षा वाईट कारणांनी लोक तत्त्वज्ञानाकडे आलेले आहेत.

शंकरप्पा पहिल्या बाकावर बसतात. रोज पत्र्याच्या वसाहतीतून येतात आणि मी वर्गात शिरले की दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखे उठून उभे राहतात. स्टाफरूममध्ये त्यांच्यावरून चर्चा झाली. एकाचं मत, भूकंपग्रस्तांच्या कोट्यात नोकरी मारायची असेल. दुसऱ्याचं मत, घरी एकटा आहे, वेळ जात नसेल. मला पहिलं मत पटलं. ते जास्त हुशारीचं वाटलं.

२ ऑगस्ट

तास संपल्यावर शंकरप्पा थांबले. म्हणाले, ते माणूस मेल्यावरचं कधी यायचं?

मग उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, लहानपणी गळ्यात लिंग बांधतात ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मेल्यावर जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि ते लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. माणूस आपलं लिंग हातात घेऊन जातं. त्यांच्या बायकोच्या, गौरम्माच्या, लिंगाच्या चांदीच्या डबीचा सांधा सुटला होता. गणपती विसर्जनाच्या दिवशी शंकरप्पा माल आणायला औशाला निघाले होते. ती म्हणाली, लिंग काढून कापडात बांधून माझ्याजवळ ठेवा, नुसती डबी न्या. यांची बस सुटत होती. म्हणाले, संध्याकाळी येतोच की, आणि लिंगासकट डबी पिशवीत टाकली. सोनार मिरवणुकीला गेलेला. मुक्काम पडला. पहाटे जमीन हलली.

ते पोचले तोवर बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. गावात मिळेल त्या लाकडावर सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. हिंदू, लिंगायत, कोण कुणाचं हे बघायला कुणाला शुद्ध होती?

"लिंग माझ्यापाशी, आन् ती जळली. मग ती पोचली का, मॅडम? का मधेच हाय कुटं?"

स्वामींनी सांगितलं होतं, पोचली, लिंग नदीत सोड. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. शंकरप्पांचं दोन्हींनी भागलं नव्हतं.

मी म्हटलं, हा भाग दुसऱ्या सत्रात येतो. खोटं नव्हतं ते. अभ्यासक्रमात आत्मा दिवाळीनंतरच आहे.

६ सप्टेंबर

आज चार्वाक. माझा आवडता तास. पान, सुपारी आणि चुना यांतलं काहीच लाल नाही, पण एकत्र चावलं की रंगतं. तसं चैतन्य शरीरातून उपजतं, शरीर गेलं की तेही गेलं. दरवर्षी मी यावर एक विडा खाऊन दाखवते, पोरं खूश होतात. आजही झाली. "देह एकदा जळाला की..." इथपर्यंत आले आणि पहिल्या बाकाकडे लक्ष गेलं.

शंकरप्पा शांतपणे म्हणाले, "आन् रंग मागं ऱ्हायला असंल तर? पान नसलं तरी व्हटावर ऱ्हातोच की थोडा येळ."

पोरं वळून बघायला लागली. मागच्या बाकावरच्या पोलीस भरतीवाल्यानं पेन खाली ठेवलं. वर्ग सुरू झाल्यापासून मी त्याला पेन खाली ठेवताना, म्हणजे ऐकताना, पहिल्यांदाच पाहिलं. मी फळ्याकडे वळून उगाच खडू शोधला, आणि तरी, कसं सांगू, वर्ग इतका भरलेला मला कधी वाटला नव्हता. मग घंटा झाली. घंटेचे माझ्यावर फार उपकार आहेत.

३० सप्टेंबर

भूकंपाला वर्ष झालं. कॉलेजात दोन मिनिटं स्तब्धता. मधेच सायन्सच्या प्रॅक्टिकलची घंटा वाजली. पहिला बाक रिकामा.

२१ नोव्हेंबर

सत्र परीक्षेचे पेपर तपासले. भयंकर. पोरांनी चार्वाकाला क्रिकेटपटू करायचाच बाकी ठेवलाय. शंकरप्पांना 'चार्वाकांचे आत्म्याविषयीचे मत स्पष्ट करा' आला होता. त्यांनी तीन पानं गौरम्मावर लिहिली. ती तराजूत नेहमी चार दाणे जास्त टाकायची, आणि उधारीवाल्याला शिव्या कानडीतून द्यायची म्हणजे त्याला राग यायचा नाही. नंतर शेवटची ओळ: 'एवढं सगळं कुठं जाईल, ते मला समजलेलं नाही.' मी समासात लाल शाईनं 'विषयांतर' लिहिलं आणि वीसपैकी दोन दिले. ते दोन अक्षराचे.

प्राचार्यांनी पुन्हा चहा पाजला. नुसती संख्या पुरत नाही, निकालही लागतो.

हनुमंतराव जेवताना म्हणाले, "तुमच्याकडं पॅटर्न नाही. प्रश्न ठरलेले असतात. प्रत्येकाला चार मुद्दे, एक उदाहरण, एक निष्कर्ष. मुद्द्याखाली रेघ. पन्नास वेळा लिहून घे. गाढवसुद्धा पास होतं."

मी म्हटलं, आत्म्याला चार मुद्दे? ते म्हणाले, "प्रकाशाला असतात, तर आत्म्याला का नसावेत?" मी त्यांना आमटी वाढली.

१२ डिसेंबर

पॅटर्न सुरू केला. तासाआधी एक जादा तास. फळ्यावर मुद्दे, पोरांनी उतरवायचे, दुसऱ्या दिवशी न बघता लिहायचे. पोरांना कमालीचं आवडलं. आता मॅडम शिकवायला लागल्या, असं एक जण बाहेर म्हणाला. आजवर मी काय करत होते?

शंकरप्पांना जमत नाही. प्रत्येक उत्तरात गौरम्मा शिरते. आधी म्हटलं, आधी मुद्दा लिहा, मग ती. मग म्हटलं, तिला काढाच.

"उदाहरण म्हून बी नगं?"

"नको. पेपर कुठं नांदेडला तपासतील, औरंगाबादला तपासतील. त्यांना गौरम्मा कोण माहीत?"

त्यांनी मान हलवली. समजूतदार आहेत. दुकानदार माणूस, गिऱ्हाईकाला काय चालतं ते कळतं.

८ जानेवारी १९९५

शंकरप्पा वीसपैकी चौदा. रेघासुद्धा पट्टी लावून. आता तासाला प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे भाग भराभर पुढं सरकतो. हनुमंतरावांना सांगितलं. म्हणाले, "बघ." ते आता आठवड्यातून तीन दिवस नांदेडला असतात, तिथंही क्लास काढलाय. आमचं बोलणं हल्ली बॅचच्या वेळांवरूनच होतं, त्यामुळे भांडण नाही.

१९ फेब्रुवारी, नांदेड

आई गेली. झोपेतच.

२४ फेब्रुवारी, नांदेड

माणसं येतात, बसतात, वय झालं होतं म्हणतात, चहा पितात. हनुमंतराव एक दिवस राहिले, दुपारची बॅच होती. त्यांचा क्लास इथून हाकेच्या अंतरावर आहे. भाऊ म्हणतो, तू रडत का नाहीस. मी म्हटलं, पेपर सेट करायचेत.

दुपारी फारूक सर आणि शंकरप्पा लातूरहून आले. फारूक सर काहीच बोलले नाहीत. नुसते बसले. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाला ते किती जड गेलं असेल. जाताना आईच्या फोटोला हात जोडून म्हणाले, "माझ्या अम्मीला इनके हातचं आंब्याचं लोणचं लई आवडायचं."

शंकरप्पा मात्र तयारी करून आले होते. सतरंजीवर सरळ बसून त्यांनी मला आत्म्याच्या अमरत्वाचे चारही युक्तिवाद सांगितले. आत्मा निरवयव आहे म्हणून तो फुटत नाही. तो कर्माचा भोक्ता आहे म्हणून देहाबरोबर संपत नाही. असे चार, क्रमानं, आणि शेवटी 'यावरून असे दिसून येते की'. भाऊ तोंडाकडे बघत राहिला. मला हसू आलं. उत्तर बिनचूक होतं. सोळा तरी दिले असते.

ते गेल्यावर लोणच्याची आठवण आली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पण आता ते असो.

१७ जून

निकाल. तत्त्वज्ञानाला एकही नापास नाही. कॉलेजच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं म्हणतात, म्हणजे कुणी मोजलं नव्हतं. शंकरप्पा विषयात पहिले. प्राचार्यांनी पेढा भरवला. विभाग राहिला, उर्दूही एक वर्ष राहिली. फारूक सर म्हणाले, "मॅडम, तुमी तर आम्हाला भी पॅटर्नमधी टाकलं. आता गझलेचे चार मुद्दे करून राहिलो." हसून म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

शंकरप्पांचा फोटो नोटीस बोर्डावर. पेढे घेऊन आले, पाया पडायला वाकले. मी मागं सरकले. म्हणाले, "मॅडम, आता पयल्यासारखा तरास न्हाई होत. डोकं साफ झालंय." म्हटलं, छान.

७ जुलै

प्राचार्यांना माहितीपत्रकासाठी 'कला शाखेचे महत्त्व' यावर पानभर मजकूर हवा. पालक विचारतात, बी.ए. करून काय? पूर्वी मी यावर आठवडा घालवला असता आणि शेवटी दिलंच नसतं. आज चहा निवायच्या आत झालं. विचारशक्ती, संवेदनशीलता, सुजाण नागरिकत्व, स्पर्धा परीक्षा. प्राचार्यांनी चौथ्या मुद्द्याखाली रेघ मारून तो पहिला केला.

मी स्वतः तत्त्वज्ञान का घेतलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. काहीतरी होतं. वडील विचारायचे, हे शिकून काय होशील, आणि मला सांगता यायचं नाही. पण सांगता येत नाही याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती. त्याउलट काहीतरी वाटायचं. त्याला शब्द आज सापडला नाही.

१ ऑक्टोबर

रविवार, सकाळची बॅच. चपलांच्या ढिगातून वाट काढत शंकरप्पा आले. घरी पहिल्यांदाच. बसायला जागा गॅलरीतच, माझ्या कपाटाच्या शेजारी. आतून हनुमंतरावांचा आवाज, आणि पोरांचं एका सुरात म्हणणं.

काल दुसरं वर्ष झालं. शंकरप्पा जुन्या गावाच्या जागी गेले होते, जिथं सगळ्यांना अग्नी दिला तिथं. पहिल्या वर्षी तिथं बसून ते दिवसभर रडले होते, म्हणाले. त्यासाठीच कॉलेज बुडवलं होतं. काल सगळी वसाहत आली होती. बाया गळ्यात पडून रडत होत्या.

"म्या बी बसलो. डोळे मिटले. तर मुद्दे आले, मॅडम. एकाखाली एक. रेघा मारलेले. मी म्हनलं, जाऊ द्या, मुद्दे जातील, मंग ती येईल. निष्कर्ष आला. ती आलीच न्हाई."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. वेळ जातो तसं दुःख कमी होतं, असं काहीतरी. त्यांनी मला थांबवलं. वर्गात कधी थांबवलं नव्हतं.

"तिचं तोंड आठवतंय. आठवत न्हाई असं न्हाई. पर पयले म्या तिला इचारायचो, पोचलीस का गं? आन् ती बोलायची न्हाई, आन् म्या इचारत ऱ्हायचो. रोज. तेवढंच होतं आमच्यात. आता इचारायला जातो तर मला उत्तर येतंय." मग म्हणाले, "ते परत करा, मॅडम."

"काय परत करू, शंकरप्पा?"

"जे घेऊन आलो होतो ते. उत्तर नगं मला."

मला एक विनोद सुचला. गुणांची फेरतपासणी होते, तसा याचाही अर्ज असेल, असा काहीतरी. चाळीस वर्षं मला वेळेवर विनोद सुचत आलेत. हा तोंडातच राहिला. त्यांच्याकडे बघितलं तर ते खरोखर वाट बघत होते. रागानं नाही. दुकानात चुकून दुसरीच वस्तू आली, ती बदलून मिळेल, अशा भरवशानं.

हा माणूस वर्षभर माझ्यासमोर बसला. त्यानं मला सगळं सांगितलं होतं, आणि मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. म्हटलं, "शंकरप्पा, सांगा मला. गौरम्मा कशा होत्या? घाई नाही. कुठूनही सुरू करा."

ते सरळ बसले. मांडीवर हात ठेवले. चेहऱ्यावर काहीतरी हललं, मला वाटलं, आली ती.

"गौरम्मा म्हंजे," ते म्हणाले, "पयला मुद्दा..."

शब्द आम्हां दोघांनाही ऐकू आला. शंकरप्पांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मुलानं काही फोडल्यावर पाहावं तसं, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही नाही फोडलं.

आतली बॅच सुटली. पोरांनी चपला शोधल्या, फाटक वाजलं, दुसरी बॅच आली, बसली. हनुमंतरावांनी दारातून एकदा डोकावलं आणि परत गेले. शंकरप्पा अजून पहिल्याच मुद्द्यावर बसले होते. मीही त्यांना पुढं सरकवलं नाही.